भिंतीकडे तोंड करून

आमच्या दवाखान्यात पेशंटचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी काय बघतात ते दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: मूळव्याध, भगंदर, फिशर. ती पाटी वाचताना आपल्याला कोणी पाहू नये म्हणून लोक मान खाली घालून आत शिरतात. मी इथे एकतीस वर्षं नर्स आहे. एवढ्या वर्षांत पहिल्याच वाक्यात खरं सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. कोणी मित्रासाठी चौकशी करायला आलेला असतो, कोणाच्या कंबरेत चमक भरलेली असते. एक गृहस्थ तर दात दुखतो म्हणून दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, "काका, दातांचा दवाखाना समोर आहे. तुमचा दात जरा जास्तच खाली दुखतोय." बिचारे हसले आणि मग रडले.

तपासणीची खोली लहान आहे. टेबल भिंतीला चिकटून ठेवलेलं. पेशंटने डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, तोंड भिंतीकडे करायचं. पाठ आमच्याकडे. त्यामुळे मागे कोण उभं आहे, ते हसतंय की कपाळाला आठ्या घालतंय, हे त्याला कधीच दिसत नाही. त्याला फक्त भिंत दिसते. उजव्या हाताचं काय करायचं ते कोणालाच सुचत नाही, म्हणून सगळे तो भिंतीवर टेकवतात. वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकाच जागी टेकवल्यामुळे तिथे एक पिवळट तेलकट डाग पडला होता.

हे सगळं मांडलं मोठ्या डॉक्टरांनी. त्यांनीच हा दवाखाना काढला. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची मुलगी दवाखाना चालवते, तिला पेशंट छोट्या डॉक्टर म्हणतात. मी तिला दप्तर घेऊन यायची तेव्हापासून ओळखते. शाळा सुटली की औषधांच्या कपाटाजवळ बसून गृहपाठ करायची आणि मला मावशी म्हणायची. डॉक्टर होऊन आली तेव्हापासून सिस्टर म्हणते. ते बरोबरच आहे, पण पहिल्या दिवशी मला जरा लागलं होतं.

मोठ्या डॉक्टरांना दोन सवयी होत्या. हात लावण्याआधी ते पेशंटच्या कमरेच्या हाडावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. "मागून येणाऱ्या माणसाने आधी दार वाजवावं, सिस्टर," असं ते म्हणत. दुसरी सवय म्हणजे तपासताना अखंड बोलायचे. पाऊसपाणी, क्रिकेट, शेजाऱ्याचा कुत्रा, काहीही. पेशंटचं लक्ष दुसरीकडे जायचं आणि काम होऊन जायचं. पण कधी कधी ते बोलता बोलता मध्येच थांबत. वाक्य अर्धं राहायचं. मग मी न सांगता ड्रॉवर उघडायची आणि मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहायचं पॅड काढून ठेवायची. मूळव्याध असली तर त्यांचं वाक्य अर्धं राहत नसे. बोटाला दुसरंच काही, गाठीसारखं, लागलं तरच राहायचं.

छोट्या डॉक्टरांनी बोलायची सवय जशीच्या तशी उचलली. टकटक मात्र त्या करत नाहीत. "आता हात लावते हं," असं तोंडाने सांगतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. लांब पल्ल्याची बस चालवणारा एक ड्रायव्हर आला होता. दिवसभर सीटवर बसून बसून मूळव्याध झाली, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं. मी त्याला कुशीवर झोपवलं आणि ग्लोव्ह्ज आणायला बाहेर गेले. छोट्या डॉक्टर त्यांच्या केबिनमध्ये फोनवर होत्या. मी परत आले तर हा भिंतीकडे तोंड करून म्हणतोय, "अहो, टकटक करून थांबलात कशाला? करा ना काय करायचं ते. किती वेळ जीव टांगणीला लावणार?"

मला वाटलं, भीतीने बडबडतोय. तेवढ्यात छोट्या डॉक्टर दारातून आत आल्या. त्याने मान वळवून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग मघाशी मागे कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "झोपा नीट."

त्याला ऑपरेशनचा धसका होता, म्हणून छोट्या डॉक्टरांनी आधी सगळं समजावलं. मूळव्याध लहान असेल तर मुळाशी रबराची रिंग बसवायची, कोंब सुकतो आणि आठवडाभरात आपोआप गळून पडतो. त्याहून मोठी असेल तर लेझर किंवा आतून टाके मारणारं स्टेपलर मशीन. अगदीच बाहेर लोंबत असेल तर भूल देऊन कापून काढायची. "मग दोन-तीन आठवडे तुम्ही मला शिव्या घालाल," त्या म्हणाल्या, "पण ती परत उगवायची शक्यता त्यात सगळ्यात कमी."

"दगडापेक्षा वीट मऊ," ड्रायव्हर म्हणाला. "रिंगच लावा."

"आधी बघू तर द्या. आता हात लावते हं." आणि त्या बोलू लागल्या. घाटातला रस्ता, नवीन झालेलं वळण, तिथे परवा उलटलेला ट्रक. "आणि गंमत म्हणजे त्या ट्रकमध्ये सगळी..."

वाक्य अर्धं राहिलं. मी ड्रॉवर उघडला.

इथे एक गोष्ट सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वेळी मलाही तीन महिने रक्त जात होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? मूळव्याध होती. हजारो माणसांची बघितली, माझी मला कळणार नाही? कपाटात मलमांच्या सॅम्पलच्या ट्यूब पडलेल्या असतात, त्यातली एक पर्समध्ये टाकायची. संध्याकाळी घरी कोमट पाण्याच्या टबात बसायचं. पेशंटला मी दिवसातून दहा वेळा बजावते, रक्त दिसलं की आधी दाखवा, लाजू नका, मनाने ठरवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि दाखवायचं कोणाला? जिचं नाक मी पुसलं त्या पोरीला? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. युनिफॉर्म कमरेत सैल झाला होता. आमचे हे म्हणाले, "बारीक झालीस, छान दिसतेस." तीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही कशाचं!

ड्रायव्हरनंतर दीड महिन्याने गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. टेबलावर झोपल्या आणि अंग चोरून म्हणाल्या, "बाई गं, किती गार बोटं आहेत हो तुमची!" मी पायाशी चादर सारखी करत होते. छोट्या डॉक्टर तीन हात लांब होत्या, ग्लोव्ह्जचं पाकीट दातांनी फाडत. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दहा मिनिटांनी पुन्हा पॅड बाहेर निघालं.

तिसरा एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा होता. त्याला ऐकू कमी यायचं, पण टकटक त्याला बरोबर कळली. "दोनच वाजले का?" असं त्याने विचारलं. त्याच्या वेळी मी पॅड आधीच काढून ठेवलं होतं. छोट्या डॉक्टरांनी त्या पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तपासून झाल्यावर त्यांनी त्यावर निमूट चिठ्ठी लिहिली.

मधल्या दिवसांत शंभर-सव्वाशे माणसं त्या टेबलावर झोपून गेली असतील, त्यांना काही झालं नाही. मी मुद्दाम विचारलं. भगंदरावर दोरा बांधलेला एक प्लंबर दर पंधरा दिवसांनी तो दोरा आवळून घ्यायला यायचा. दोरा हळूहळू आतली वाट कापत जातो आणि मागून जखम भरत येते, त्यामुळे त्याचे महिने जातात. तो इतक्या वेळा त्या भिंतीकडे बघत पडला होता की भिंतीतून नळ कुठून गेलाय तेही त्याने ओळखलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कधी मागून टकटक झाली का हो?"

"नाही बुवा. चार्ज वेगळा आहे का त्याचा?"

फिशरने, म्हणजे तिथली कातडी चिरल्याने, कळवळणाऱ्या एका नवऱ्या मुलालाही विचारलं. आधी मलमावर भागतंय का बघू, नाहीतर आतला स्नायू जरासा सैल करायचं छोटं ऑपरेशन, एवढं ऐकूनच तो पांढराफटक पडला होता. त्यालाही काही कळलं नव्हतं. मग माझी खात्री झाली. मोठे डॉक्टर जिवंत होते तेव्हा सगळ्यांचं दार वाजवायचे. आता फक्त ज्यांचं दुखणं आमच्या पाटीवरचं नव्हतं, त्यांचंच वाजवत होते.

मी हे छोट्या डॉक्टरांना एकदा सांगून पाहिलं. "सिस्टर, बाबांची आठवण येते तुम्हाला. मलाही येते," त्या म्हणाल्या. "कमरेजवळची नस उडते कधी कधी. आणि ती भिंत इतकी कळकट झालीय की कोणालाही भास होतील. रंग काढून घेऊ."

पेंटर आला, दोन हात मारून गेला. चार दिवस भिंत पांढरीशुभ्र होती. पाचव्या दिवशी सकाळी मी खोली उघडली तर डाग परत आलेला. पण आधीचा डाग म्हणजे नुसता गोळा होता, शेकडो हातांचा. हा एकाच हाताचा होता. पाचही बोटं स्पष्ट. मी माझा पंजा त्यावर ठेवून पाहिला, माझ्यापेक्षा बराच मोठा होता. आणि करंगळी टोकाला आत वळलेली होती. मोठ्या डॉक्टरांची करंगळी लहानपणी दारात सापडून तशी झाली होती. त्यांना ग्लोव्ह्ज चढवताना ती करंगळी मी हजारदा सरळ केली आहे.

मी पंजा झटकन मागे घेतला. कारण या टेबलावर मोठे डॉक्टर हयातीत एकदाही झोपले नव्हते, आणि ते झोपायला हवे होते हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यांच्या शेवटच्या दीड वर्षात ऑपरेशनच्या स्टुलावरच्या पांढऱ्या कव्हरला मला रक्त दिसायचं. पेशंटचं नव्हे, बसणाऱ्याचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, कोणाला तरी दाखवून घ्या." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मूळव्याध आहे, सिस्टर. मला शिकवू नका." मग जरा नरमाईने म्हणाले, "आणि पोरीला सांगायचं नाही. तिची शेवटची परीक्षा आहे." मी कव्हर भिजत घातलं. पुढे रोजच घालत राहिले, थंड पाणी आणि मीठ. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी मी तोंड उघडलं नाही, कारण शब्द दिला होता. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा दुखणं लिव्हरपर्यंत पोचलं होतं. मुलगी मला मिठी मारून रडली. "मावशी, कोणाला काही कळलंच कसं नाही गं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हाच ती मला शेवटचं मावशी म्हणाली होती.

डाग पाहिल्यावर मी त्याच दुपारी साबण आणि फडकं घेऊन बसले. दवाखाना दोन ते चार बंद असतो. छोट्या डॉक्टर घरी जेवायला गेल्या होत्या. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल सुरू करायला किक मारत होतं. मी टेबलावर डावा गुडघा टेकवून भिंतीवर वाकले आणि घासायला लागले. डाग हलेना. मी आणखी वाकले.

माझ्या उजव्या कमरेच्या हाडावर टकटक झाली. दोनदा.

युनिफॉर्ममधून गारवा आत शिरला, बर्फाच्या ट्रेला कंबर लागावी तसा. मी वळले. दार लावलेलं होतं. स्टूल जागेवर होतं. रस्त्यावरची मोटरसायकल सुरू होऊन निघून गेली. मला आधी भीती वाटलीच नाही, संताप आला. मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "मूळव्याध आहे मला. मला शिकवू नका!"

आणि मग ते शब्द कोणाचे होते ते मला ऐकू आलं. मी फडकं तिथेच टाकून बाहेर आले.

त्यानंतर तीन दिवस मी त्या खोलीत एकटी गेले नाही. घरी जेवण जाईना. टबात बसले की पाणी गुलाबी व्हायचं आणि मी दिवा बंद करून बसायची, म्हणजे दिसायला नको. दाखवायला गेले तर ती विचारणार, कधीपासून. मग विचारणार, तुम्ही नर्स असून गप्प कशा बसलात. आणि तिथून बापाच्या स्टुलापर्यंत कितीसं अंतर? ती हुशार पोर आहे. मला मरायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती तिची होती. झाकली मूठ दोन वर्षं झाकलेली होती, आणि ती उघडल्याशिवाय मला त्या टेबलावर झोपता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता शेवटचा पेशंट गेला. छोट्या डॉक्टर बॅग आवरत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"डॉक्टर, मला रक्त जातंय. तपासा मला."

त्यांनी एक क्षण पाहिलं. बॅग खाली ठेवली. "चला," एवढंच म्हणाल्या.

मी डाव्या कुशीवर झोपले. गुडघे पोटाशी घेतले. एकतीस वर्षं लोकांना हे करा म्हणून सांगणं किती सोपं होतं. उजव्या हाताचं काय करावं ते मलाही सुचलं नाही. तो भिंतीवर गेला, थेट त्या पंज्यावर. भिंत गरम होती. कोणीतरी आत्ताच हात काढून मला जागा करून दिल्यासारखी.

मागे बेसिनचा नळ वाहत होता. छोट्या डॉक्टर हात धूत होत्या, मला पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता. तेवढ्यात हाडावर टकटक झाली, दोनदा. नळ अजून चालूच होता. मी डोळे मिटले.

"आता हात लावते हं, सिस्टर. मोकळा श्वास घ्या. त्या पेंटरला मी फोन केला होता काल. म्हटलं, अहो, डाग परत आला. तर काय म्हणतो, ओल असेल. म्हटलं, दोन वर्षांत ओल नाही आली ती आत्ता कुठून? तर म्हणे ताई, मी स्वतःच्या पैशाने तिसरा हात मारून..."

थांबल्या.

मी भिंतीकडे बघत राहिले. पॅड काढून ठेवायला कोणी नव्हतं.

मग त्यांनी ग्लोव्ह काढला, ड्रॉवर स्वतःच उघडला. माझ्या अंगावर चादर घातली आणि टेबलाच्या कडेला बसल्या.

"किती दिवस झाले, मावशी?"

मावशी ऐकलं आणि मला रडू फुटलं. "आठ महिने."

"गाठ लहान आहे. बोटाला हलतंय, चिकटून बसलेलं नाही. दुर्बीण, तुकडा, स्कॅन, सगळं उद्याच करू. काढता येईल असं वाटतंय मला." आवाज डॉक्टरचा होता, पण हात पुन्हा पुन्हा माझी चादर सारखी करत होता. मग तो हात थांबला. "बाबांना किती दिवस होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. माझा चेहरा तिला दिसत नव्हता. त्या टेबलावर तीच तर सोय आहे.

"दीड वर्ष," मी म्हटलं. "मला माहीत होतं, बाळ. स्टुलावरचं कव्हर मीच धूत होते. त्यांनी सांगू नको म्हटलं आणि मी ऐकलं."

हाताखालची भिंत गार होत गेली. आधी तळवा, मग एकेक बोट, शेवटी करंगळी. मी हात काढला. खाली नुसता पांढरा रंग होता.

ती उठून खिडकीपाशी गेल्याचं मला चपलांवरून कळलं. तिथून तिने विचारलं, "त्यांचंही सुरुवातीला एवढंच असेल ना गं? हलणारं?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, कोणीतरी आमची पाटी मोठ्याने वाचून हसलं. मला तसंच पडून राहावंसं वाटत होतं, भिंतीकडे तोंड करून, संध्याकाळपर्यंत, कायमचं. पण मी कोपरावर उठले, चादर सावरली आणि तिच्याकडे वळले.